बेइहायचा दागोबा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी देहरादूनमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मोजक्या कुटुंबांनी लावलेले हे रोपटे आज वाढलेले पाहताना आपणां सर्वांप्रमाणे माझाही ऊर भरून येतो. या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मी साहित्यिक नव्हे, संशोधक नव्हे. बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि फायलींच्या सहवासात केस पांढरे केलेला एक साधा मनुष्य आहे. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण करणार नाही, अशी खात्री आहे.

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या. सुवर्णमहोत्सव मराठी मंडळाचा, आणि व्याख्यान चीनच्या राजधानीतील एका बागेवर! एका स्नेह्यांनी तर विचारले, "अहो, आपला मुलूख सोडून एवढ्या लांब कशाला जाता?" त्याचे उत्तर शेवटी आपोआप मिळेल. पण त्याआधी एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी कन्या दहा वर्षांची असताना तिने जुन्नर तालुक्यातील आमच्या गावी आजीला पत्र लिहिले. माझ्या बदल्यांमुळे तिचे सारे बालपण महाराष्ट्राबाहेर गेलेले. पत्रात तिने लिहिले होते, "आजी, मला तुझी खूप याद येते." मी तांबड्या शाईचे पेन घेतले, 'याद' खोडून वर 'आठवण' लिहिले, आणखी सातआठ चुका दाखवल्या आणि पत्र पुन्हा लिहायला सांगितले. वर दरडावलेही, "पुन्हा असे लिहिलेस तर याद राख!" दुसरे पत्र शुद्ध मराठीत गेले. तिसरे पत्र मात्र कधीच गेले नाही. आजी असेपर्यंत मुलीने तिला पुन्हा पत्र लिहिले नाही. आपण मुलीला दरडावताना कोणता शब्द वापरला, हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षे लागली. ते कोठे आले, तेच आज सांगायचे आहे.

२०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात कार्यालयीन कामासाठी बीजिंगला जाण्याचा योग आला. चर्चासत्रे आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. सहकारी बाजारात गेले. मी आमच्या दुभाषी मुलीला विचारले, "जवळपास शांत जागा कोणती?" तिने मला बेइहायला नेले. ही मुलगी हिंदी शिकलेली. तिच्या हिंदीत लिंगांचा घोटाळा, माझ्या हिंदीत मराठी वळण. दोघांचीही मातृभाषा हिंदी नव्हे, तरी दिवसभर आमचे कोठेही अडले नाही.

बेइहाय याचा शब्दशः अर्थ 'उत्तरेचा समुद्र'. समुद्र म्हणजे तलावच. पण समुद्रापासून दूर असलेल्या त्या शहराने आपल्या तलावांना कौतुकाने समुद्र म्हटले. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ६९ हेक्टर आणि त्यातील निम्म्याहून अधिक पाणी. मध्यभागी एक टेकडीवजा बेट आहे. समुद्रात अमर लोकांची तीन बेटे आहेत, अशी चिनी पुराणकथा आहे. त्या कथेला अनुसरून राजेलोक आपल्या उद्यानांत तळी खणून मधे बेटे उभारीत. बाराव्या शतकात चिन वंशाच्या राजांनी येथे उन्हाळी महाल बांधला. तेराव्या शतकात कुब्लाईखानाने या तळ्याभोवतीच आपली नवी राजधानी वसवली. पुढे मिंग आले, छिंग आले. वंश बदलले, तळे राहिले. शतकानुशतके सामान्य माणसाला येथे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १९२५ साली ते सर्वांसाठी खुले झाले. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत १९७१ साली पुन्हा दारे बंद झाली, ती १९७८ साली उघडली. दक्षिणेकडील जोडतळ्यांच्या काठी आज चिनी राज्यकर्त्यांची कार्यालये व निवासस्थाने आहेत, तिकडे अर्थातच कोणाला जाता येत नाही. उत्तरेकडील तळ्यात मात्र आईबाप मुलांना होड्यांत बसवून फिरवीत होते. या तळ्यावरील नौकाविहाराचे १९५५ सालच्या एका बालचित्रपटातील गाणे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी आहे. आमची दुभाषी मुलगीही ते गुणगुणली.

दक्षिणेच्या दाराशी एक गोल गढी आहे. तिच्या तटाआड मला दोन वस्तू पाहायला मिळाल्या. पहिली वस्तू म्हणजे जेड दगडाच्या एकाच प्रचंड शिळेतून कोरलेला रांजण. रंग काळसर हिरवा, वजन सुमारे साडेतीन हजार किलो, आणि बाहेरच्या अंगावर खवळलेल्या लाटांत खेळणारे ड्रॅगन व जलचर. १२६५ साली तो कुब्लाईखानासाठी तयार झाला आणि मेजवान्यांत मद्य साठविण्यास वापरला गेला. पुढे बेटावरील महाल कोसळला, राजवटी उलटल्या, आणि हा रांजण शहरातील एका ताओ मंदिरात जाऊन पडला. तेथील पुजाऱ्यांनी त्याचे काय करावे? त्यात भाज्या खारवायला घातल्या! सम्राटाच्या मद्यपात्राची लोणच्याची बरणी झाली. अठराव्या शतकात च्येनलुंग सम्राटाला त्याचा पत्ता लागला, तेव्हा त्याने तो विकत घेऊन येथे आणवला. मी हसलो खरा, पण लगेच ओशाळलोही. कारण मी ज्या तालुक्यातला, तेथेही असेच एक वैभव आमच्या पायाशी पडलेले होते. त्याकडे पुढे येतो.

दुसरी वस्तू म्हणजे शुभ्र जेडची बुद्धमूर्ती, बसलेल्या माणसाहून मोठी. मुद्रा प्रसन्न, वस्त्राच्या काठांवर रत्ने. डाव्या हातावर मात्र एक घाव आहे. १९०० साली बॉक्सर बंडाच्या वेळी आठ राष्ट्रांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या व त्यांनी शहर लुटले, तेव्हाचा तो घाव. दुभाषी मुलीने 'विदेशी सेना' एवढेच म्हटले, पुढे काही बोलली नाही. पण इतिहास वाचलेल्याला ठाऊक असते, की त्या आठांपैकी ब्रिटिशांच्या झेंड्याखाली आलेले बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. त्यांतील ठाकूर गदाधरसिंह या राजपूत पलटणीतील शिपाईगड्याने पुढे 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक लिहिले. ते १९०२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात चिनी जनतेच्या यातनांविषयी कळवळा आहे. तो घाव कोणाच्या हातचा, हे कोण सांगणार? परंतु बुद्ध ज्या भूमीत झाला, तिची माणसे परक्याच्या चाकरीत त्या लुटीच्या शहरात उभी होती, एवढे खरे. माझी मान खाली गेली. १९६२ ची जखम आपण विसरलो नाही आणि विसरूही नये. पण दुसऱ्याच्या अंगावरची जखमही पाहिली पाहिजे.

गढीतून बाहेर पडून संगमरवरी पुलावरून बेटावर गेलो. समोर 'चिरशांती मंदिरा'च्या पायऱ्या. एकामागून एक देवड्या, चौक, बुद्धमंदिरे ओलांडत वर चढावे लागते. माथ्यावर पोहोचलो आणि जागच्या जागी थबकलो.

समोर सुमारे ३६ मीटर उंचीचा पांढराशुभ्र स्तूप होता. छिंग वंशाच्या शुनची सम्राटाने १६५१ साली एका तिबेटी लामाच्या विनंतीवरून तो बांधविला. पुढे थोड्याच काळात पाचवे दलाई लामा बीजिंगला आले होते. घडण तिबेटी धर्तीची. खाली चौकोनी चौथरा, त्यावर खांद्याशी रुंद व तळाशी निमुळता असा कलशासारखा घाट, वर कड्यांची निमुळती मान आणि शेवटी धातूचे छत्र. परदेशी प्रवासी त्याला 'पांढरा दागोबा' म्हणतात.

दागोबा! हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेण्यांची दाटी आहे. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला आपणांपैकी अनेकजण अष्टविनायकाच्या यात्रेत गेला असाल. गणपतीचे देऊळ म्हणजे तेथील सातवे लेणे, आणि अगदी शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत अर्धगोल घुमटाचा दगडी स्तूप आहे. त्यालाच आमचे मास्तर दागोबा म्हणत. माझी आजी मात्र त्याला 'मोठी पिंड' समजून हात जोडायची, आणि आम्ही पोरे त्याच्याभोवती शिवाशिवी खेळायचो. दोन हजार वर्षांच्या त्या ठेव्याची आमच्या लेखी किंमत ती एवढीच. म्हणूनच लोणच्याच्या बरणीला हसताना मी ओशाळलो होतो.

दागोबा म्हणजे मूळचा 'धातुगर्भ'. धातू म्हणजे बुद्धाचे किंवा सत्पुरुषाचे अवशेष. ते ज्याच्या गर्भात आहेत, तो धातुगर्भ. सिंहलद्वीपात त्याचा 'दागब' झाला आणि तेथून इंग्रजीत 'दागोबा'. चिनी लोक स्वतः या वास्तूला 'पाय था' म्हणतात. 'पाय' म्हणजे पांढरा. आणि 'था'? संस्कृतातील 'स्तूप', पालीतील 'थूप', आणि चिनी मुखातून झिजत झिजत उरलेले एकच अक्षर, 'था'! एवढ्या लांबच्या प्रवासात शब्दाची सारी जोडाक्षरे गळून पडली. पण म्हणून तो मेला का? कोट्यवधी माणसे तो रोज उच्चारतात. स्तूपाचेही तसेच. जुन्नरचा अर्धगोल घुमट तिबेटात कलश झाला, दगडाच्या जागी विटा व चुना आला. आमच्या आजीला तो ओळखताही आला नसता. स्तूपाच्या दर्शनी अंगावर ढालीसारख्या चौकटीत गुंफलेल्या बीजाक्षरांचे चिन्ह आहे. ती बीजाक्षरेही मूळची संस्कृतच.

आणखी एक गोष्ट दुभाषी मुलीने सांगितली. १६७९ च्या भीषण भूकंपात हा स्तूप कोसळला. पुन्हा बांधला. १७३० च्या सुमारास दुसऱ्या भूकंपाने त्याची तीच गत केली. पुन्हा बांधला. १९७६ च्या तांगशान भूकंपात शिखराची हानी झाली. दुरुस्ती करताना आत जपून ठेवलेली अवशेषांची एक लहानशी डबी सापडली. धातुगर्भ हे नाव सार्थ होते! मी ज्याला १६५१ चा स्तूप म्हणून डोळे भरून पाहत होतो, तो वस्तुतः अनेकदा पडलेला आणि अनेकदा उभारलेला स्तूप होता. त्याचे टिकणे म्हणजे दर वेळी कोणीतरी तो नव्याने बांधायला उभे राहणे.

बेटाच्या उत्तर बाजूने उतरून आम्ही नावेने पलीकडच्या तीरावर गेलो. तेथे पाण्यात ओळीने उभे असलेले पाच मंडप आहेत. जवळच च्येनलुंग सम्राटाने आपल्या मातेच्या वाढदिवसाप्रीत्यर्थ बांधलेले भव्य चौरस मंदिर आहे. त्या मंदिरसमूहाचे नाव 'लहान पश्चिम स्वर्ग'. अमिताभ बुद्धाचे सुखावती हे स्वर्गस्थान पश्चिमेला आहे, अशी श्रद्धा. पण 'पश्चिम स्वर्ग' या शब्दाचा चिनी लोकमानसात आणखी एक अर्थ आहे, आणि तो म्हणजे हिंदुस्थान! ह्युएनत्संग जेथे ग्रंथ आणायला गेला, तो देश. तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि आपल्या लोकांविषयी चार शब्द लिहून गेला, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. मुलगी म्हणाली, "आप तो स्वर्ग से आये हैं!" मी म्हटले, "बाई, आमच्या स्वर्गातही बदल्या होतात."

जवळच १७५६ साली उभारलेली नऊ ड्रॅगनांची भिंत आहे. पंचवीस मीटरांहून लांब, दोन्ही अंगांना चकचकीत रंगीत विटांतून उठवलेले नऊ नऊ मोठे ड्रॅगन. भिंत दृष्ट लागण्याजोगी आहे. पण ज्या मंदिरापुढे आडोसा म्हणून ती उभारली, ते मंदिर जळून गेले आहे. आडोसा राहिला, देव गेला. भाषेच्या नुसत्या शुद्धतेचा आडोसा जपणाऱ्या माझ्यासारख्याने तेथे थोडे अधिक वेळ थांबावे.

एव्हाना दुपार कलली होती. वाटाण्याच्या डाळीच्या पिवळ्या, गोड वड्या खाऊन आम्ही काठाने चालत होतो. तेथे एक वृद्ध गृहस्थ काठीएवढा लांब कुंचला बादलीतल्या पाण्यात बुडवून फरसबंदीवर अक्षरे लिहीत होते. शाई नाही, कागद नाही, नुसते पाणी. खालची ओळ लिहून होईतो वरची ओळ वाळून नाहीशी होई. बीजिंगच्या उद्यानांत सकाळ-संध्याकाळ असे लिहिणारे पुष्कळ सेवानिवृत्त लोक दिसतात. मी विचारले, "पुसून जाणार, हे ठाऊक असून रोज कशाला लिहिता?" ते हसून म्हणाले, "अक्षर फरशीवर राहायला नको. हातात राहिले म्हणजे झाले."

मी कोठला, हे त्यांनी विचारले. मुलीने सांगताच त्यांनी कुंचला बुडवला आणि तीन अक्षरे लिहिली. ती म्हणाली, "के दीह्वा. आपके डॉक्टर." क्षणभर मला उलगडा होईना. मग कळले. के दीह्वा म्हणजे सोलापूरचे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ साली राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांत ते होते. बाकीचे परतले, ते राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्या पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' म्हणजे 'चीन' हे अक्षर घेतले होते. कोटणीसांनी चिनी परिचारिकेशी विवाह केला आणि त्यांच्या मुलाचे नाव ठेवले गेले इनह्वा. 'इन' म्हणजे हिंदुस्थान, 'ह्वा' म्हणजे चीन. सोलापूरच्या घरात 'बाळ्या' किंवा 'बंड्या' म्हणून हाक मारली गेली असती, त्या मुलाच्या नावात दोन देश बसले.

वृद्धाने कुंचला माझ्या हाती दिला. तो चांगलाच जड होता. हात कापत होता. त्यांच्या अक्षरांखाली मी देवनागरीत लिहिले, 'कोटणीस'. 'ट' वाकडा आला, 'णी'ची वेलांटी लांब ओघळली. माझ्याजवळ त्या वेळी तांबडी शाई असती तर मी स्वतःलाच नापास केले असते. पण त्या गृहस्थांनी माझी वेलांटी सुधारली नाही. ते वाकून ते अक्षर डोळ्यांत साठवीत राहिले. काही क्षणांत 'के दीह्वा' वाळले, मग 'कोटणीस' वाळले, आणि फरशी पुन्हा कोरी झाली.

तेथे मला माझ्या मुलीचे पत्र आठवले. दिवसभर दुभाषी मुलीच्या हिंदीतली एकही चूक मी काढली नव्हती. ती आमची भाषा बोलते, याचाच आनंद होता. मग हा आनंद मी माझ्या मुलीला का नाकारला? 'स्तूप'चा 'था' झालेला मला मोठा रम्य वाटला, आणि 'आठवण'ची 'याद' झालेली खपली नाही. बरे, 'याद' तरी परकी कोठे? पेशवे दफ्तरात यादींचे ढीग आहेत, वाण्याची यादी आपण रोज करतो, आणि दरडावताना मी स्वतःच म्हटले होते, "याद राख!" मुलीच्या पत्रातला घाट बदलला होता, आतला धातू अस्सल होता. मी घाट सुधारला आणि धातू हरवून बसलो.

मित्रहो, गैरसमज नसावा. मराठी कशीही बोलावी, व्याकरण बासनात गुंडाळावे, असे मी म्हणत नाही. त्या वृद्धाचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने घोटलेला होता. शिकवावे जरूर, पण लिहिणारा हातच थांबेल असे शिकवू नये. मागील गणेशोत्सवात मंडळाच्या एका तरुण सभासदाने मला विचारले होते, "काका, आणखी पन्नास वर्षांनी हे मंडळ राहील का?" तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो, आपोआप राहणार नाही. बेइहायचा दागोबाही आपोआप राहिलेला नाही. दर पिढीला ते नव्याने बांधावे लागेल, आणि पुढची पिढी बांधील तेव्हा त्याचा घाट आपल्यासारखा नसेल. येथून जवळ क्लेमेंट टाउनला तिबेटी बांधवांनी उभारलेला भव्य स्तूप आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. घरदार सोडून आलेल्या माणसांनी परक्या भूमीत काय उभारले, हे तो पाहताना मुलांना अवश्य सांगा. आणि पुढच्या खेपेस लेण्याद्रीला गेलात, तर गणपतीचे दर्शन घेऊन शेजारच्या लेण्यातही त्यांना घेऊन जा.

शेवटी एवढेच. माझी कन्या आता बंगळूरला नोकरी करते. या स्मरणिकेसाठी काही लिहून दे, असे मी तिला विनविले. पुष्कळ आढेवेढे घेऊन तिने दोन पाने मराठीत लिहून पाठवली. विषय आहे, 'आजी'. तिसऱ्या ओळीत 'याद' हा शब्द आहे. लेख मी जसाच्या तसा संपादकांच्या स्वाधीन केला आहे, आणि त्यांनीही त्याला तांबडी शाई लावू नये, अशी त्यांना हात जोडून विनंती आहे.